घोडा विकताना काय सांगायचं आणि काय झाकायचं? सारंगखेड्याला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

दत्तजयंती जवळ आली की माझा फोन सुरू होतो. सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्याबरोबर भरणारा घोडेबाजार. मी तिथे कधी घोडा घ्यायला जातो, कधी विकायला, आणि बहुतेक वेळा नवख्या कुणाच्या तरी सोबतीला. विचारणाऱ्यांत निम्मे विकणारे असतात, निम्मे घेणारे. प्रश्न मात्र एकच असतो: किती सांगायचं आणि किती विचारायचं?

माझा हिशोब साधा आहे. जे घोड्याबरोबर गाडीत चढून जातं ते गिऱ्हाइकाचं, जे मालकाच्या घरात मागे राहतं ते मालकाचं. काही गोष्टी मात्र दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या असतात, आणि खालचे बरेचसे प्रश्न त्याच गोष्टींचे आहेत.

गिऱ्हाइकाने विचारलंच नाही, तरी घोड्याचा दोष सांगायला हवा का?

कायद्याने विचाराल तर बहुतेक वेळा नाही. गंमत म्हणजे आपल्या कायद्यात हा प्रश्न घोड्याचंच उदाहरण घेऊन सोडवलाय. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७, विषय फसवणूक. त्यात उदाहरण असं आहे: ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोडा धड नाही हे ‘अ’ला माहीत आहे, पण तो गप्प बसतो. ही फसवणूक नाही. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हा मूळ नियम.

पण तिथेच पुढे दोन उदाहरणं आहेत आणि व्यापारी ती सोयीस्कर विसरतात. पहिलं: ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे ‘अ’ने सांगायलाच हवं. म्हणजे जिथे समोरचा तुमच्यावर विसंबून आहे तिथे गप्प राहायची मुभा नाही. दुसरं मला जास्त आवडतं. ‘ब’ म्हणतो, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धड आहे असं मी धरून चालतो.” ‘अ’ गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं बोलण्यासारखंच धरलं जातं.

मी सोबत नेतो त्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ करायला लावतो. दावणीशी उभं राहून, दोन माणसांसमोर, मोठ्याने म्हणायचं: “नाना, तुम्ही काही बोलला नाहीत तर मी घोडा निर्दोष धरतो बरं का.” नानांचा चेहरा बघायचा. निम्मी माहिती तिथेच मिळते.

विकणाऱ्याच्या बाजूचा एक मुद्दाही आहे. कलम १९ म्हणतं, साध्या तपासणीने जे कळलं असतं ते तुम्ही बघितलंच नाही, तर नंतर नुसत्या गप्प राहण्याकडे बोट दाखवून करार मोडता येत नाही. एका डोळ्याने आंधळा घोडा घरी आणून आठवड्याने ‘सांगितलं नाही’ म्हणणाऱ्याला कुणी दाद देणार नाही. धडधडीत खोटं सांगून विकलं असेल, तर गोष्ट वेगळी.

मग ‘खोड’ म्हणजे नेमकं काय? प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगत बसलो तर विक्रीच व्हायची नाही.

मी तीन गोष्टी धरतो. माणसाला इजा होईल असं काही: चावणं, लाथ मारणं, स्वार घेऊन उधळणं, मागच्या दोन पायांवर उभं राहून पाडणं. घोड्याच्या कामात आडवं येईल असं काही: लंगडणं, धाप लागणं, कमी दिसणं, मोतरा, चकावळ असे पायांचे आजार. आणि पुन्हा पुन्हा उद्भवणारं काही: वारंवार पोटशूळ, खुरांत दरवर्षी येणारी सूज. कातडीवर जुना वण आहे किंवा हरभरा टाकला की उड्या मारतो, हे सांगितलं तर उत्तम, नाही सांगितलं तर पाप नाही.

कामाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात माझाही हात बरबटलाय. माझ्याकडे एक बदामी घोडा होता. शेतात, रस्त्यावर, ट्रॅक्टरशेजारी गरीब गाय. बँडचा मोठा ढोल वाजला की मात्र अंगात आल्यासारखा करायचा. बाजारात एक वरातीचा घोडेवाला आला. त्याने दात बघितले, पाय बघितले, रपेट मारली. बँडबद्दल त्याने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तो वरातीचा धंदा करतो हे मला त्याच्या गाडीवरच्या मखमली झुलीवरून दिसत होतं. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. नवरदेव पडला नाही, पण मांडवाचा एक खांब गेला. मी त्याला अर्धे पैसे परत दिले आणि घोडा परत आणला. कायद्याने कदाचित लागत नव्हतं. कारण मालविक्री कायदा, १९३०, कलम १६ नुसार गिऱ्हाइकाने कशासाठी हवं ते कळवलेलं असावं लागतं, तो विकणाऱ्याच्या जाणतेपणावर विसंबलेला असावा लागतो आणि विकणाऱ्याचा तो धंदा असावा लागतो. माझा धंदा घोड्यांचा नाही. पण झूल मला दिसली होती.

म्हणून घेणाऱ्याने आधी काम सांगावं: “वरातीला पाहिजे”, “पोराला शिकायला पाहिजे”, “शर्यतीला पाहिजे”. एकदा सांगितलं की समोरच्या व्यापाऱ्याची जबाबदारी वाढते.

“का विकताय?” असं विचारलं तर खरं उत्तर द्यायलाच हवं का?

घरची अडचण सांगायची काही गरज नाही. पोरीचं लग्न, बँकेचा हप्ता, भावांची वाटणी, दवाखाना, ही तुमची बाब. शिवाय अडचण कळली की भाव पडतो. “घरगुती कारण आहे” एवढं पुरे, आणि चांगलं गिऱ्हाईक पुढे खोदत नाही.

खोटं कारण मात्र देऊ नका. घोड्याने मोतदाराचा, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्याचा, हात फोडला म्हणून विकताय आणि सांगताय “मुलगा पुण्याला गेला, बघायला कुणी नाही”, तर ते झाकणं राहत नाही. कारण घोड्यात असेल तर कारण सांगा, घरात असेल तर दार लावून घ्या.

आम्ही घोडा कितीला घेतला होता ते सांगावं लागतं का? आणि भाव रुमालाखाली का ठरवतात?

कितीला घेतला ते सांगावं लागत नाही. करार कायद्याच्या कलम १७ मधलंच शेवटचं उदाहरण आहे: दोन व्यापाऱ्यांत सौदा होताना एकाला बाजारभाव बदलल्याची खासगी बातमी असेल, तरी दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

रुमालाचं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. दोघं हातात हात घालतात, वर उपरणं किंवा रुमाल टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. हजार की लाख ते तोंडाने आधीच ठरलेलं असतं. वरून दोघांचे चेहरे दगडासारखे. मधूनच एकजण हात झटकतो, चार पावलं जातो, परत येतो. भोवती वीस माणसं उभी, पण भाव फक्त दोन पंजांना ठाऊक. शेतमालाच्या लिलावात या हत्ता पद्धतीने शेतकरी नागवला जायचा, म्हणून नियंत्रित बाजारांत ती बंद केली, आणि ते योग्यच झालं. घोड्याच्या बाजारात मला ती तितकी वाईट वाटत नाही, कारण इथे विकणारा स्वतः रुमालाखाली असतो. तिसऱ्याला भाव कळला नाही म्हणून सौद्यातल्या दोघांपैकी कुणाचं काही बिघडत नाही.

दलाल दोघांच्या वतीने हात घालत असेल तर मात्र रुमाल काढा. त्याबद्दल खाली.

आणि पेपरात दर यात्रेला येणारे लाखा-कोटीचे आकडे? ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. कित्येक घोडे विकायला आणलेलेच नसतात. घोडीला फळवायला तो वळू हवा म्हणून लोकांनी यावं, त्याची ही जाहिरात. त्या आकड्यावरून आपल्या घोड्याचा भाव काढू नका.

जनावरांच्या डॉक्टरांची जुनी फाइल मागता येते का?

मागता येते. द्यायची की नाही ते मालकाने ठरवायचं. डॉक्टरांना परस्पर फोन लावून “त्या घोडीला काय झालं होतं?” असं विचारू नका. मालकाच्या होकाराशिवाय ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. मालकानेच फोन करून “यांना सांगा” म्हणावं, ही सरळ वाट.

मालकाने नकार दिला तर? नकार हा गुन्हा नाही, पण ती माहितीच आहे. भाव तसा करा. बहुतेक ठिकाणी फाइल नसतेच, पावत्यांचा एक चुरगळलेला गठ्ठा असतो, पण तारखा जुळवल्या तर तो बरंच बोलतो. एका घोडीच्या गठ्ठ्यात दर पावसाळ्यात पोटदुखीच्या औषधाची पावती निघाली होती. मालकाने तो आपणहून पुढे केला होता. ती घोडी आम्ही घेतली, थोड्या कमी भावात, आणि पावसाळ्यात तिचा चारा कोरडा ठेवला.

आणखी एक: जो डॉक्टर वर्षानुवर्षं त्या घोड्यावर उपचार करतोय, त्याच्याकडूनच खरेदीची तपासणी करून घेऊ नका. बिचारा कुणाची बाजू धरणार? दुसरा बघा.

रोगाची गोष्टही खासगी ठेवता येते का?

साथीच्या रोगाची नाही. इथे वाद नाही आणि मी ऐकूनही घेत नाही.

ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग घोडा, गाढव, खेचराला होतो आणि माणसालाही लागतो. लस नाही. रोग निश्चित झाला की जनावर मारावं लागतं. नाकातून चिकट पिवळा स्राव, कातडीवर रांगेने गाठी आणि फुटून झालेल्या जखमा, ही लक्षणं. कधी काहीच दिसत नाही आणि रक्ततपासणीतच कळतं. खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याने हा कळवण्याचा रोग आहे. म्हणजे शंका आली तरी मालकाने कळवायचं. “लोक काय म्हणतील” किंवा “माझा घोडा, माझा प्रश्न” इथे चालत नाही, कारण शेजारच्या दावणीला बांधलेला घोडा तुमचा नसतो आणि त्याला पाणी पाजणारा पोरगाही तुमचा नसतो.

घोड्याबरोबर रक्ततपासणीचा अहवाल मागा, त्यावरची तारीख बघा आणि अहवालातलं वर्णन समोरच्या घोड्याशी ताडून पाहा. कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, मायक्रोचिप असेल तर पंधरा आकडी नंबर. दुसऱ्याच घोड्याचा अहवाल दाखवल्याचं मी पाहिलंय. वाहतुकीलाही घोडा प्रवासाला धड असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं. १९७८चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम तसे आहेत.

इंजेक्शन देऊन घोडा शांत किंवा धडधाकट दाखवतात म्हणे. ओळखायचं कसं?

दाखवतात. वेदनाशामक दिलं की लंगडणं दोन-तीन दिवस झाकलं जातं, गुंगीचं दिलं की खोडील घोडा संत होतो. माझ्या एका मित्राने असाच संत घेतला. तिसऱ्या दिवशी तो गाडीत चढेना, मग गाडीची फळीच फोडली. विकणारा तोवर गावाला निघून गेला होता.

पहाटे जा, न सांगता. विकणाऱ्याने घोडा फिरवून गरम करायच्या आत तो दावणीवरून निघताना बघा. पहिली दहा पावलं महत्त्वाची. मऊ मातीत नको, कडक रस्त्यावर दुडकी चालवायला लावा, वळवायला लावा. खालचा ओठ लोंबतोय का, पापण्या जड आहेत का, नर असेल तर त्याचा अवयव खाली लोंबकळतोय का, ते पाहा. ही गुंगीच्या औषधाची खूण असू शकते. संध्याकाळी पुन्हा जा. दुसऱ्या दिवशीही.

दातांवरून वय काढता येतं, पण तिथेही हात चालतो. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं, म्हणजे पुढचे सगळे दात कायमचे होतात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी खाच दिसू लागते, पंधराव्याला ती निम्म्यावर येते, विसाव्याला टोकाला. म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून वरची काळी खूण करणारे उस्ताद आहेत, पण ही खाच त्यांना नीट जमत नाही.

ब्रिटनमध्ये एक चांगली पद्धत आहे. खरेदीच्या तपासणीवेळी घोड्याचं रक्त काढून सहा महिने ठेवून देतात. तक्रार आली तरच तपासतात, नाही तर नाही. मालकाला उगाच चोर ठरवलं जात नाही आणि गिऱ्हाईकही उघड्यावर पडत नाही. मोठ्या सौद्यात आपल्याकडेही डॉक्टर आणि प्रयोगशाळेशी बोलून असं करायला हरकत नाही.

भोवरे सांगायचे का?

भोवरे म्हणजे अंगावरच्या केसांची वर्तुळं, लोक त्यांवरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवतात. ते घोड्याच्या अंगावरच असतात, गिऱ्हाइकाला दिसतात. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असलं तर मालक आपणहून हात लावून दाखवतो आणि डोळ्याखालचा भोवरा असला की बरोबर त्याच बाजूला झूल ओढलेली असते. माझा त्यावर विश्वास नाही. पण घेणाऱ्याचा असतो आणि घरी नेल्यावर त्याच्या आईने घोडा परत पाठवला तर भांडण तुमच्या दारात येतं. झूल काढून दाखवा आणि मोकळे व्हा.

घोड्याचा खरा मालक कोण हे विचारणं आगाऊपणाचं आहे का?

अजिबात नाही. ज्याचा घोडा नाही त्याने विकला, तर घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही, काही अपवाद सोडले तर. घोडा चोरीचा निघाला की पैसेही जातात आणि घोडाही.

ही काळजी नवी नाही. इंग्लंडात १५५५ साली याच कारणासाठी कायदा झाला होता: जत्रेत घोडा विकला तर विकणारा, घेणारा, घोड्याचा रंग आणि एखादी खूण हे सगळं वहीत लिहायचं. १५८८–८९च्या कायद्याने आणखी पेच आवळला. विकणारा वहीवाल्याच्या ओळखीचा हवा, नाही तर त्याला ओळखणारा माणूस पुढे हवा. पोटातला मुद्दा तोच. विकणाऱ्याची बाकी खासगी गोष्ट राहू द्या, पण तो कोण आणि घोडा त्याचा आहे का, हे लपवता येणार नाही.

घोडा विकणारा माणूस “मालक बाहेरगावी आहेत” म्हणाला तर मालकाशी व्हिडिओ कॉल करा आणि त्यांच्याकडून मोबाइलवर लेखी होकार घ्या. ओळखपत्र बघा, पण आधारची पूर्ण झेरॉक्स गोळा करत फिरू नका. पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते. मालकाला नाव बाजारात नको असेल, गावात गवगवा नको असेल, तर ते पावतीपुरतं ठेवा. बाजार समितीच्या पावतीवर मात्र खरं नाव हवं.

दलाल दोन्हीकडून पैसे घेतो. त्याने ते सांगायला नको का?

सांगायलाच हवं. माझ्या मते सगळ्या बाजारातली सगळ्यात घाण गोष्ट हीच आहे, घोड्याच्या लंगडेपणापेक्षाही. तो तुमच्याकडून दोन टक्के घेतो, मालकाकडून वेगळे, आणि रुमालाखाली मालकाला ऐंशी सांगून तुम्हाला पंच्याण्णव सांगतो ते आणखी वेगळं.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या माहेरघरात, यावर कायदा आहे: दोन्हीकडून काम करायचं तर दोघांना आधी कळवून त्यांचा होकार घ्यायचा. आपल्याकडे एवढं नेमकं काही नाही. म्हणून तोंडाने विचारा: “भाऊ, तिकडून काही घेणार आहात का?” आणि भाव ठरताना मालक समोर हवा. मालक नको म्हणाला तर सौदा नको.

परदेशात घोड्याचे एक्स-रे सगळ्यांना दाखवतात. आपल्याकडे का नाही?

सगळ्यांना नाही दाखवत, तेच तर शिकण्यासारखं आहे. केंटकीतल्या कीनलँडच्या मोठ्या लिलावात विकणारे घोड्याचे एक्स-रे आणि घशाच्या तपासणीचं चित्रण एका ठिकाणी जमा करतात. घ्यायला आलेल्यांचे पशुवैद्य तिथे ते बघतात. रस्त्यावरच्या माणसाला ते मिळत नाही. घोडा खऱ्या मालकाच्या नावाऐवजी प्रतिनिधीच्या नावाने विकायला ठेवण्याची पद्धतही तिथे रूढ आहे. त्यामुळे घोड्याची हाडं उघडी आणि मालक पडद्याआड, हे दोन्ही एकाच ठिकाणी दिसतं. पडदा जास्त झाला म्हणून तिथेही ओरड झालीच. जेस जॅक्सन या वाइन उद्योजकाने त्यासाठी मोहीमच चालवली होती.

यूट्यूबवाले घोड्याचा व्हिडिओ काढतात. त्यात माझा नंबर, गाव सगळं येतं. थांबवता येईल का?

काढायच्या आधीच थांबवा. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे, पण जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली तिला तो लागू होत नाही. कॅमेऱ्यासमोर नंबर तुम्हीच ओरडून सांगितलात, तर तक्रार कुणाची? घोडा दाखवा, नाव-गाव राहू द्या. बाजारापुरतं वेगळं सिम ठेवा. माझा एक ओळखीचा घोडा विकून तीन वर्षं झाली तरी रात्री अकराला “भाऊ, तो नुकरा आहे का?” (नुकरा म्हणजे पांढरा घोडा) असे फोन घेतोय.

गिऱ्हाइकांनीही जरा ऐका. मालकाने विश्वासाने पाठवलेला लंगड्या पायाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एकदा असं झालं की पुढच्या वेळी तो कुणालाच पाठवणार नाही आणि लबाडांनाच बरं होईल.

पावतीत काय लिहावं?

चार ओळी पुरतात. माझ्या वहीतली एक, नावं काढून (कुमेद म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची):

“कुमेद घोडी, कपाळी टिळा, मागचा डावा पाय पांढरा, वय अंदाजे सात. घोडी चावते, हे सांगितले आहे. पावसाळ्यात पोट दुखते, हे सांगितले आहे. याखेरीज दोष माहीत नाही. वरातीसाठी घेत आहे, हे विकणाऱ्यास माहीत आहे. पाच दिवसांत लंगडल्यास परत. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.”

“सांगितले आहे” हे शब्द विकणाऱ्याचं रक्षण करतात, “माहीत नाही” हे घेणाऱ्याचं. पैसे दोन लाख किंवा वर असतील तर रोख घेऊ नका, आयकराला चालत नाही.

विकल्यावर जुन्या मालकाने घोड्याची विचारपूस करावी का? नव्या मालकाला त्रास वाटतो.

इथे पारडं फिरतं. आता खासगीपण नव्या मालकाचं. घोडा कुठे बांधलाय, काय खातो, पुढे कुणाला विकला, हे सांगायला तो बांधील नाही. विकतानाच ठरवून घ्या: वर्षातून एक फोटो, किंवा विकायचा झाला तर आधी आम्हाला विचारा. पावतीत लिहिलं तर उत्तम. नसेल ठरवलं, तर एकदा फोन करा, दुसऱ्यांदा करू नका.

ती पोट दुखणारी घोडी आम्ही पुढे धुळ्याकडच्या एका घरी दिली. तिच्या पहिल्या मालकाला मी तो पत्ता दिला नाही. पावसाळा संपला की “बरी आहे” एवढा निरोप मात्र मी त्यांना देतो.